भरमाण्णांच्या चार घोड्या

भरमाण्णा सुतार गेले त्या दिवशी बेळगुंदीत त्यांच्या घरापुढे जमलेली माणसं एकमेकांना एकच वाक्य सांगत होती, "माणूस चांगला, पण लई रागीट." त्या 'पण'ची चीड मला अजून येते. कुणी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, ह्या माणसाच्या रागामुळे बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांतली निदान दहा-बारा माणसं आज धडधाकट हातापायांनी कामावर जाताहेत. पण मला कुणी विचारलं नाही. बायका ओसरीवर बसल्या होत्या, मीही त्यांच्यात बसले होते.

सतरा वर्षं उद्यमबागेत माझं दुकान आणि त्यांची शेड यांच्यामध्ये एक भिंत होती. मी शहापूरची. माहेरी साड्यांचे माग होते. लग्नानंतर नवऱ्याकडून गाड्यांच्या सीटा शिवायला शिकले आणि तो गेल्यावर दुकान एकटीनं चालवलं. पलीकडे भरमाण्णा जुने ट्रक दुरुस्त करायचे. केबिन उतरवायची, गंजलेला पत्रा कापून नवा घालायचा, केबिन पुन्हा होती तशी चढवायची. यातलं पत्र्याचं काम करणारे बेळगावात पुष्कळ आहेत. पण केबिन उतरवून ती तसूभरही वाकू न देता आधारावर ठेवणारा त्यांच्यासारखा दुसरा मी पाहिला नाही.

बुटके, रुंद, पँट घोट्यापर्यंत दुमडलेली, कानावर पेन्सिलीऐवजी खडूचा तुकडा. माणसांना ते मराठीत रागवायचे आणि लोखंडाला कानडीत चुचकारायचे. गंजून बसलेल्या नटासमोर उकिडवे बसून, "बारो, बारो मगने," म्हणजे ये रे बाळा, असं म्हणत पाना हळूहळू दाबायचे. तसा गोड सूर माणसांच्या वाट्याला क्वचितच आला.

माझी त्यांची ओळख झाली तीही भांडणानं. माझ्या शिलाई मशीनचा एक पाय मोडला होता आणि त्याखाली मी अर्धी वीट ठेवली होती. भरमाण्णा सुई-दोरा मागायला आले, त्यांनी ती वीट पाहिली आणि दोरा विसरले.

"ही वीट कुणी ठेवली?"

"मीच. का?"

"का म्हणून इचारतीस? तुझा पाय तिच्याम्होरं हाय. वीट फुटली की मशीन कुठं जाईल?"

मला राग आला. माझं दुकान, माझी मशीन, माझीच वीट. मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी मशीन उचलून आपल्या शेडमध्ये नेलीसुद्धा. संध्याकाळी परत आली तेव्हा तिला लोखंडी पाय होता, बाकीच्या तिन्हींपेक्षा मजबूत. त्यांनी ती जागेवर ठेवली, चारी बाजूंनी पायानं ढोसून पाहिली आणि न बोलता निघून गेले. वीटही घेऊन गेले.

ढोसून पाहायची त्यांची सवयच होती. स्वतः वेल्डिंग करून केलेल्या त्यांच्या लोखंडी घोड्या होत्या, चार पसरट पायांच्या, वर रबर लावलेल्या. घोडीवर ठेवलेल्या कुठल्याही वजनाखाली जायच्या आधी ते प्रत्येक घोडीला तीनदा लाथ घालायचे. हलकी नव्हे, चांगली सणसणीत. घोडी सरकली की सगळं उतरवून पहिल्यापासून सुरुवात.

"जॅक उचलायला," ते म्हणायचे. "उचललेलं धरायला घोडी. ह्यात काय कळत न्हाय तुमास्नी?"

एकदा सकाळी कारखान्याच्या कामगारांची बस रस्त्यात पंक्चर झाली. ड्रायव्हरनं जॅक लावला आणि चाकाचं काहीतरी बघायला तो कमरेपर्यंत बसखाली शिरला. माणसं आतच बसलेली. भरमाण्णा त्या वाटेनं चालत येत होते. त्यांनी ड्रायव्हरचे दोन्ही घोटे धरले आणि त्याला फरफटत बाहेर ओढलं. ड्रायव्हर शिव्या देऊ लागला. कामावर उशीर होणार म्हणून आतली माणसं खिडक्यांतून ओरडू लागली. भरमाण्णा सगळ्या बसवर ओरडले, "बसून ऱ्हायलाय वर, आन खाली माणूस हाय! उतरा आधी!" एकेकाला खाली उतरवलं, शेडमधून दोन घोड्या आणवल्या, लावल्या, लाथा घालून पाहिल्या आणि मग ड्रायव्हरला म्हणाले, "जा आता. कर तुझं काम." आभार कुणी मानले नाहीत. उशीर केला म्हणून दोघा कामगारांनी उलट त्यांनाच ऐकवलं. मी दुकानाच्या दारातून बघत होते आणि माझ्या अंगाची लाही लाही होत होती.

ते एवढे का घाबरतात, याच्या गोष्टी उद्यमबागेत फिरायच्या. कुणी म्हणे, त्यांचा थोरला भाऊ ट्रकखाली गेला. कुणी म्हणे, त्यांचे गुरू त्यांच्या डोळ्यांदेखत चिरडले. एक दिवस चहा पिताना मी विचारलंच, "अण्णा, तुमचा भाऊ खरंच ट्रकखाली गेलता?"

त्यांनी कप खाली ठेवला. "माझा भाऊ गावात म्हशी राखतोय. गुरू म्हातारा होऊन खाटंवर मेला. कुणीतरी मेल्याबिगर माणसाला शानपण येतच न्हाय, असं वाटतंय व्हय तुमास्नी? वजन वर हाय, माणूस खाली हाय. आनि कारण कशाला पायजे?"

इतकं सरळ उत्तर मला तोवर कुणी दिलं नव्हतं.

तर असा हा माणूस. त्याच्या शेडमध्ये निपाणीच्या धाकट्या सावकारांचा ट्रक आला.

पुढे लांब नाक असलेला, गोल मडगार्डांचा जुना ट्रक. सावकारांच्या आजोबांनी त्यातून तंबाखूची पोती वाहिली होती. नंतर तो गोदामामागे कित्येक वर्षं उन्हापावसात पडून होता. हायवेवर सावकारांचं नवं हॉटेल होत होतं, त्याच्या दारात हा ट्रक नवा करून उभा करायचा होता. सीटांचं काम माझ्याकडे आलं. हॉटेलच्या पाहुण्यांसाठी घेतलेल्या बसच्या सीटाही मीच शिवत होते, त्यामुळे मी खुशीत होते.

भरमाण्णांनी पहिले पाच दिवस केबिनला हातच लावला नाही, फक्त पाहिलं. तळ इतका गंजला होता की पाय ठेवला तर भोक पडावं. दारांखालचे पत्रे नुसते रंगावर टिकले होते. सहाव्या दिवशी दोन्ही दारं काढून त्यांनी दारांच्या मोकळ्या चौकटींत तिरके लोखंडी पाइप बोल्टांनी आवळून बसवले, आणि एक आडवा पाइप या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत.

"हे कशाला?" मी सीट उसवता उसवता विचारलं.

"खाली चेसिसचा सांगाडा हाय म्हणून ही केबिन उभी हाय. उचलली की तिला कुणाचा आधार? चौकट फाकणार. एकदा फाकली की दार जन्मात बसणार न्हाय." मग सुतळीनं चौकटीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतली अंतरं मापली आणि मापं खडूनं भिंतीवर लिहिली. ती भिंत आमच्या दोघांची. त्यानंतर तिला चुना लावायची मला बंदी होती.

मडगार्ड निघाले, बॉनेट निघालं. स्टिअरिंगचा दांडा, क्लच-ब्रेकच्या सळ्या, वायरी, सगळं सुटलं. केबिन चेसिसला धरून ठेवणारे बोल्ट एकेक करून, कानडीत लाड करून, काढले. दाराच्या चौकटींमधून जाड लाकडी वासे घातले आणि वरच्या गर्डरला टांगलेल्या चेन पुलीनं केबिन उचलायला सुरुवात झाली. साखळी ओढत होता दस्तगीर. दस्तगीर त्यांचा वेल्डर, चाळिशीचा, निपाणीचा, दोन मुलींचा बाप, बोलणं कमी. केबिन वीतभर उठली. बघायला जमलेली माणसं म्हणाली, "निघाली, निघाली!"

"थांब!" भरमाण्णा ओरडले. "कायतरी धरून ऱ्हायलंय."

कुणालाच काही दिसत नव्हतं. ते तासभर बॅटरी घेऊन शोधत राहिले. शेवटी सापडली, वेगाच्या काट्याला जोडलेली एक बारीक केबल, वायरींच्या मागे दडलेली. तेवढीशी केबल तुटली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण त्यांनी ती सोडवली, गुंडाळली, खुणेची चिठ्ठी लावून ठेवली आणि मगच दस्तगीरला मान डोलावली. केबिन वर गेली, ट्रक मागे ढकलला, केबिन हळूहळू चार घोड्यांवर उतरली. चेसिसवर तिचं वजन जिथं पडत होतं नेमक्या त्याच चार जागी घोड्या लावलेल्या. प्रत्येकीला तीन लाथा. केबिन जराही हलली नाही. त्या दिवशी ते हसले. सतरा वर्षांत मी त्यांना हसताना मोजक्या वेळा पाहिलं, त्यातली ही एक वेळ.

पुढच्या आठवड्यात भाताच्या मळणीसाठी ते दोन दिवस गावाला गेले. जाताना दस्तगीरला बजावलं, "वरचा पत्रा घास. खाली मी आल्यावर."

दुसऱ्या दिवशी दुपारी सावकारांचा मॅनेजर आला, सोबत दोन व्हिडिओवाले. हॉटेलच्या जाहिरातीसाठी काम चालू असतानाचं शूटिंग हवं होतं. कॅमेऱ्यातून बघून मॅनेजर म्हणाला, "हे पाइप घाण दिसतात. काढा."

दस्तगीर म्हणाला, "अण्णांना विचारून काढतो."

"ट्रक अण्णांचा आहे का?"

मी माझ्या दारात उभी राहून ऐकत होते. म्हटलं, "साहेब, ते आधाराचे पाइप आहेत. अण्णा येऊ देत." मॅनेजरनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या गळ्यातल्या टेपकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही सीटांचं बघा."

मी आत गेले. अण्णांना फोन लावायला गेले हे खरं, पण आत गेले हेही खरं. मळणीच्या गलक्यात ते फोन उचलत नव्हते. मी पुन्हा पुन्हा लावत राहिले, मधूनमधून दारातून डोकावून बघत. तोवर तिकडे पाइप निघाले होते. केबिन हवेत तरंगल्यासारखी दिसावी म्हणून पुढची बाजू साखळीनं उचलून पुढच्या दोन घोड्याही बाजूला केल्या होत्या. आणि दस्तगीरला सांगितलं होतं, खाली बस, ग्राइंडर लाव, ठिणग्या उडू देत. व्हिडिओत छान दिसतं.

आधी पत्र्याचा कुरकुर आवाज आला, मग धाडकन. मी धावले तेव्हा चौकट फाकून केबिन एका अंगाला कलंडली होती आणि दस्तगीरचा उजवा पाय गुडघ्यापासून खाली तिच्यात अडकला होता. तो ओरडतही नव्हता, नुसता माझ्याकडे बघत होता. मॅनेजर फोनवर सावकारांशी बोलत होता. जॅक कुठं असतो ते मला ठाऊक होतं. मी लावला, शेजारच्या लोखंड ओतायच्या फाउंड्रीतली माणसं धावून आली, केबिन उचलली आणि मी ओरडले, "घोडी लावा आधी!" तो आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

भरमाण्णा भाच्याच्या मोटारसायकलवरून आले, केसांत भाताचा भुसा घेऊन. शेडकडे न येता थेट दवाखान्यात गेले आणि दोन दिवस तिथंच बसून राहिले. डॉक्टरांनी पाय वाचवला, पण तो पूर्वीसारखा होणार नाही असं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी कामगार खात्याकडून चौकशीचे साहेब आले. सोबत सावकार, मॅनेजर आणि कानडीत टाइप केलेला एक कागद, भरमाण्णांच्या सहीसाठी. भरमाण्णा कानडी फाडफाड बोलायचे, पण वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद माझ्याकडे दिला. "वाच गं शोभाक्का."

मी वाचलं. मिस्त्रींनी तयार केलेल्या घोड्या कच्च्या असल्यामुळे खचल्या आणि अनवधानानं अपघात झाला, असं लिहिलं होतं.

"परत वाच."

पुन्हा वाचलं. सावकार अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मिस्त्री, तुमच्यावर काही येणार नाही. नुसती सही करा. दस्तगीरचं आम्ही बघू."

"घोड्या खचल्या?" भरमाण्णा म्हणाले. "कुठल्या? दाखवा."

"आता ते जाऊ दे..."

"जाऊ कसं दे? माणसाचा पाय मोडलाय! माझ्या घोड्या खचल्या म्हणून लिवलंय, तर आज हितंच बघू."

आणि त्यांनी कामाला सुरुवात केली. साहेब, सावकार उभे असताना. पाइप परत चौकटींत घातले, सुतळी आणि भिंतीवरची मापं बघत जमेल तेवढी चौकट ओढून आणली, बोल्ट आवळले. केबिन उचलली आणि त्याच चार घोड्यांवर ठेवली. गंजक्या तळावर जाड फळ्या टाकल्या. मग फाउंड्रीतून वाळूची पोती मागवली. जेवणाची सुट्टी झाली होती, कामगार जमले, पोती हातोहात येऊ लागली. केबिन खिडक्यांपर्यंत भरली. वर टपावर फाउंड्रीतले चार दणकट गडी चढून बसले. भरमाण्णांनी प्रत्येक घोडीला तीन लाथा घातल्या. मग खांद्यावरचं फडकं जमिनीवर अंथरलं आणि ते केबिनखाली उताणे झोपले.

"आता हितंच ऱ्हातो मी," खालून आवाज आला. "साहेब खरं लिवंपर्यंत."

सावकारांचा चेहरा उतरला. साहेब खाली वाकून म्हणाले, "एळ्री, साक." उठा, पुरे.

"आधी लिवा. पाइप कुणी काढले ते लिवा. घोड्या कुणी सरकवल्या ते लिवा. माणसाला खाली कुणी बसवलं ते लिवा."

"दस्तगीर सोडून बघणारं कोण होतं?" साहेबांनी विचारलं.

मॅनेजर म्हणाला, व्हिडिओ तर पुसला गेला. फाउंड्रीची माणसं नंतर आलेली. सावकारांची नजर माझ्यावर होती. त्यांच्या बसच्या सीटांची सव्वीस कव्हरं माझ्या दुकानात अर्धवट शिवलेली पडली होती. पण तो म्हातारा माणूस वाळूच्या पोत्यांखाली झोपला होता आणि मी तीन दिवसांपूर्वी एकदा आत निघून गेले होते.

"मी होते," म्हटलं. "सगळं बघितलंय. मी सही करते."

साहेबांनी नवा कागद घेतला. मी सांगत गेले, ते लिहीत गेले. लिहून झाल्यावर मी तो मोठ्यानं वाचला, खालपर्यंत ऐकू जाईल असा. मगच भरमाण्णा बाहेर आले. पाठीला माती, डोळे लाल. माझ्याकडे बघून फक्त एवढंच म्हणाले, "बोल्ट परत आवळायला पायजेत." आणि पाना शोधू लागले.

त्या कागदामुळे दस्तगीरला त्याच्या हक्काची भरपाई मिळाली, उपकार म्हणून काही घ्यावं लागलं नाही. मॅनेजरची नोकरी गेली. सावकारांना काहीच झालं नाही. आठ दिवसांत क्रेन आणून त्यांनी ट्रक उचलून नेला, अर्धवट, केबिन वेगळी. नेताना पाइप पुन्हा काढून टाकले. भरमाण्णा दारात उभे राहून ओरडत होते, "आरं पाइप न्या! फुकट न्या! चौकट फाकंल!" क्रेनवाल्यानं ऐकलं नाही. सव्वीस कव्हरंही परत गेली, तशीच अर्धवट.

दस्तगीर लंगडत परत कामाला आला. त्याला बसून वेल्डिंग करता यावं म्हणून भरमाण्णांनी सगळ्या टेबलांची उंची बदलली आणि उभं राहवत नाही हे आधी का सांगितलं नाहीस म्हणून त्याच्यावरच रागावले.

दीड वर्षानं दस्तगीरच्या मोठ्या मुलीचं लग्न निपाणीत ठरलं. भरमाण्णांना तोवर दम लागू लागला होता, शेडवर येणं थांबलं होतं. दस्तगीर आम्हा दोघांना न्यायला गाडी घेऊन आला. त्यानंतर दोनच महिन्यांत ते गेले, म्हणून तो दिवस माझ्याजवळ नीट जपून राहिलाय.

वाटेत चहाला गाडी थांबली. उतरल्यावर कळलं की हॉटेल सावकारांचं. दारात चौथऱ्यावर तो ट्रक, लालभडक, चकचकीत. शेजारी संगमरवरी पाटी. त्यावर सावकारांच्या देखरेखीखाली ट्रकला नवजीवन मिळाल्याचं लिहिलेलं आणि काम करणारा म्हणून कुठल्याशा पुण्याच्या माणसाचं नाव. मी ती वाचली. भरमाण्णांना मी वाचून दाखवली नाही, त्यांनीही विचारलं नाही. ते डाव्या दाराकडे बघत होते. दार आणि चौकट यांच्यामध्ये वरच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट होती.

एका कुटुंबानं आपली चार-पाच वर्षांची मुलगी ट्रकच्या सीटवर चढवून बसवली होती. ती दाराला रेलून, खिडकीबाहेर हात काढून हसत होती. बाप समोर मोबाइल धरून मागे मागे सरकत होता. दाराचा खटका लागलेला नव्हता. तिच्या प्रत्येक हालचालीबरोबर दार थोडं थोडं उघडत होतं. हे शंभर माणसांतल्या फक्त एका माणसाला दिसलं.

भरमाण्णा काठी टाकून गेले. धावणं त्यांना जमत नव्हतं, तरी धावल्यासारखे गेले आणि दोन्ही हातांनी दार दाबून धरून त्याला पाठ लावून उभे राहिले. मागून दस्तगीर लंगडत गेला आणि त्यांच्या शेजारी दाराला खांदा देऊन उभा राहिला.

"ओ आजोबा, बाजूला व्हा," बाप वैतागून म्हणाला. "फोटोत येताय."

हॉटेलचा वॉचमनही शिट्टी फुंकत आला. भरमाण्णांना धाप लागली होती, चेहरा संतापानं लाल झाला होता. आवाज मात्र बारीक निघाला.

"घे की फोटो," ते म्हणाले. "लेकरू उतरंपर्यंत आमी हलनार न्हाय."